जुन्या शिकारी रायफलीसाठी गोळी कशी निवडतात? नाव एकच असलं तरी गोळी वेगळी का लागते?

स्क्रोल करताना असा एखादा व्हिडिओ तुमच्यासमोर कधीतरी आला असेल. अमेरिकेतल्या एखाद्या गॅरेजमध्ये एक माणूस बसलाय. समोर टेबलाला घट्ट बसवलेला छोटा हातप्रेस. तो दांडा खाली ओढतो आणि पितळी पुंगळीच्या तोंडात चकचकीत गोळी बसते. मागे भिंतीला त्याच्या आजोबांची रायफल टेकवलेली. आणि खाली हमखास एक कमेंट, "तयार काडतुसं विकत मिळत असताना एवढा उपद्व्याप कशाला?"

प्रश्न रास्त आहे. उत्तर असं की शंभर वर्षं जुन्या रायफलीचं काडतूस बऱ्याचदा दुकानात मिळत नाही. मिळालं तरी ते त्याच रायफलीला योग्य असेल याची खात्री नसते. रायफलीवर कोरलेला आकडा आणि डब्यावर छापलेला आकडा जुळला म्हणजे काम झालं, असं वाटतं. पण अर्ध्या मिलिमीटरहून कितीतरी कमी फरकामुळेही रायफल निकामी होऊ शकते आणि चालवणाऱ्याचा डोळा किंवा हात जाऊ शकतो.

अमेरिकेत आणि युरोपात कायदेशीर शिकार करणारे लोक जुन्या रायफलीसाठी गोळी कशी निवडतात, ते आज समजून घेऊया. आणि हो, भारतात यातलं काहीही करून बघायचं नाही. का, तेही शेवटी येईलच.

आधी एक गोंधळ मिटवू: गोळी वेगळी, काडतूस वेगळं

बोलताना आपण सगळ्यालाच गोळी म्हणतो. प्रत्यक्षात काडतुसाचे चार भाग असतात. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी पाडणारा प्रायमर, आत भरलेली दारू आणि पुंगळीच्या तोंडात बसवलेली गोळी. घोडा ओढला की प्रायमर पेटतो, दारू जळते, वायूचा दाब तयार होतो आणि नळीतून बाहेर पडते ती फक्त गोळी. पुंगळी मागेच राहते. गोळीबाराच्या बातमीत 'घटनास्थळी रिकाम्या पुंगळ्या सापडल्या' असं वाचतो, त्या ह्याच.

रिकामी पुंगळी स्वच्छ करून, पुन्हा मापात आणून, नवा प्रायमर, दारू आणि गोळी बसवून काडतूस तयार करणं म्हणजे हँडलोडिंग. कोकणात शेतीच्या राखणीसाठी परवान्यावर ठेवलेली ठासणीची बंदूक ज्यांनी पाहिलीय, त्यांना कल्पना यायला वेळ लागणार नाही. तिथे दारू आणि गोळी नळीतच ठासतात. इथे तेच काम पितळी पुंगळीत, मिलिग्रॅमच्या हिशोबाने होतं.

जुन्या शिकारी रायफलींची काडतुसं बनवणारं इंग्लंडमधलं मोठं नाव म्हणजे बर्मिंगहॅमची कायनॉक. पुढे मागणी घटली आणि मोठ्या मापाच्या कित्येक काडतुसांचं मूळ उत्पादन बंद पडलं. रायफली मात्र टिकल्या. लाकूड आणि पोलाद नीट जपलं तर शंभर वर्षांनीही चालतं. मग त्यांना खायला काय घालायचं, या गरजेतून हँडलोडिंग वाढलं.

पहिला प्रश्न: नळीत नेमकी किती जाड गोळी बसते?

रायफलीच्या नळीत आतून पिळासारख्या वळत जाणाऱ्या खाचा कोरलेल्या असतात. त्यामुळे नळीची दोन मापं निघतात. खाचांच्या मधल्या उंचवट्यांवरून घेतलेलं माप लहान असतं आणि खाचांच्या तळापासून घेतलेलं मोठं. गोळी साधारण मोठ्या मापाची लागते, म्हणजे ती खाचांत घट्ट रुतते आणि फिरत बाहेर जाते.

गंमत अशी की जुन्या कंपन्यांनी नाव ठेवताना अनेकदा लहान माप वापरलं. जिम कॉर्बेटची रायफल घ्या. चंपावतच्या नरभक्षक वाघिणीला मारल्याबद्दल १९०७ मध्ये कॉर्बेटना लंडनच्या जॉन रिग्बी कंपनीची .२७५ रायफल भेट मिळाली. सोशल मीडियावर ती 'चंपावतच्या वाघिणीला मारणारी रायफल' म्हणून फिरते, पण वाघीण आधी मारली गेली आणि रायफल नंतर बक्षीस म्हणून आली. असो. ही .२७५ म्हणजे जर्मन माउझर कंपनीचं सात बाय सत्तावन्न हेच काडतूस, इंग्रजी इंचात नाव दिलेलं. .२७५ इंच म्हणजे सुमारे ७ मिलिमीटर. पण तिच्यात बसणारी गोळी असते .२८४ इंचाची. नाव वाचून .२७५ ची गोळी शोधायला गेलात तर पहिल्याच पायरीवर चुकलात.

.३०३ ची गोष्टही तशीच. इंग्रजी फौजेची ही प्रसिद्ध रायफल भारतात पोलिसांच्या खांद्यावर अनेक दशकं होती. तिची गोळी असते साधारण .३११ ते .३१२ इंचाची. अमेरिकेत सगळ्यात सहज मिळणाऱ्या गोळ्या .३०८ इंचाच्या. त्या .३०३ मध्ये घातल्या तर नळीत सैल बसतात, खाचांची पकड येत नाही आणि नेम भरकटतो.

हा झाला सैल गोळीचा प्रकार. उलटा प्रकार जास्त धोक्याचा आहे. जर्मनीचं आठ बाय सत्तावन्न काडतूस १८८८ मध्ये आलं, तेव्हा गोळी होती .३१८ इंचाची. पुढे १९०५ च्या सुमारास सैन्याने टोकदार गोळी स्वीकारली, तिचा व्यास .३२३ इंच. फरक किती? सुमारे ०.१३ मिलिमीटर, म्हणजे माणसाचे एक-दोन केस जोडून ठेवल्याइतका. काडतुसाची लांबी आणि घाट जवळपास तोच. त्यामुळे नवं काडतूस जुन्या रायफलीत शिरतं. पण जाड गोळीला अरुंद नळीत घुसवताना दाब झपाट्याने वाढतो.

सैन्याने माप बदललं तरी शिकारी रायफली बनवणारे कारागीर कित्येक वर्षं जुन्या मापाच्या नळ्या बसवत राहिले. म्हणून जर्मन शिकारी रायफल हातात आली की जाणकार आधी शिक्का बघतात. नावापुढे 'एस' अक्षर असेल तर मोठं माप, फक्त 'आय' किंवा 'जे' असेल तर लहान. अमेरिकेत कारखान्यात बनणारं आठ एमएम माउझर काडतूस युरोपातल्यापेक्षा आजही बरंच कमी दाबाचं ठेवतात. कोणाच्या हातात कुठल्या मापाची जुनी नळी असेल, याचा नेम नाही, म्हणून ही काळजी.

शिक्का पुसला गेला असेल तर? मऊ शिशाचा तुकडा नळीतून हळूहळू ठोकत पलीकडे काढतात. त्यावर खाचांचा ठसा उमटतो आणि मायक्रोमीटरने तो मोजतात. काडतूस जिथे बसतं त्या खोबणीचा साचा कमी तापमानाला वितळणाऱ्या मिश्रधातूने घेतात. म्हणजे रायफलीवर काय लिहिलंय यापेक्षा नळीत काय निघतं त्यावर विश्वास. गोळी विकत घेण्याआधीचं हे पहिलं काम.

दुसरा प्रश्न: रायफल कुठल्या दारूच्या काळातली?

एकोणिसाव्या शतकात बंदुकीत काळी दारू वापरत. गंधक, कोळसा आणि सोरा यांचं मिश्रण, ढीगभर धूर. मग बिनधुराची दारू आली. ब्रिटिशांच्या कॉर्डाइटचं पेटंट १८८९ चं. तेवढ्याच जागेत तिच्यातून जास्त ऊर्जा निघते आणि दाबही जास्त चढतो. काळ्या दारूसाठी घडवलेलं पोलाद तो दाब सोसेलच असं नाही.

१८९८ मध्ये रिग्बी कंपनीने .४५० नायट्रो एक्सप्रेस हे जबरदस्त काडतूस आणलं. त्यासाठी त्यांनी आधीच्या काळ्या दारूच्या .४५० एक्सप्रेसचीच सव्वातीन इंची पुंगळी वापरली. बाहेरून दोन्ही काडतुसं जुळी भावंडं. आत मात्र जुन्यात २७० ते ३६५ ग्रेनची हलकी गोळी आणि काळी दारू, नव्यात ४८० ग्रेनची जड गोळी आणि कॉर्डाइट. नवं काडतूस जुन्या रायफलीत घातलं तर काय होईल, हे सांगायची गरज नाही.

म्हणून इंग्लिश रायफलीवर लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाऊसचा शिक्का शोधतात. विक्रीआधी तिथे प्रत्येक नळीत मुद्दाम जास्त दाबाचं काडतूस उडवून परीक्षा घेतात आणि पास झाली तरच शिक्का मारतात. नायट्रो दारूसाठी वेगळा शिक्का असतो. तो नसेल तर रायफल काळ्या दारूची समजून तिला हलकी गोळी आणि कमी दाब. शिवाय प्रूफ झाल्यावर शंभर वर्षांत नळीला गंज लागला असेल, कुणी ती आतून घासली असेल. त्यामुळे शिक्का दिसला तरी बंदुकीच्या कारागिराकडून तपासून घेण्याला पर्याय नाही.

याच .४५० मापाचा भारताशी एक संबंध आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटिश सरकारने भारतात .४५० मापाच्या रायफली आणि काडतुसं आणण्यावर बंदी घातली. जुन्या मार्टिनी-हेन्री लष्करी रायफलीही त्याच मापाच्या होत्या आणि ही काडतुसं बंडखोरांच्या हाती पडतील अशी भीती होती. भारत म्हणजे साहेबांच्या शिकारीची मोठी बाजारपेठ. ती हातची जाऊ नये म्हणून इंग्लिश कंपन्यांनी .४७०, .४६५ अशी थोडी वेगळी मापं काढली. आजच्या हँडलोडरला गोळ्यांच्या इतक्या विचित्र मापांशी झुंजावं लागतं, त्यामागे कलकत्त्यात बसून घेतलेला असाही एक निर्णय आहे.

तिसरा प्रश्न: वजन किती आणि नळीला पीळ किती?

गोळीचं वजन ग्रेनमध्ये मोजतात. हे एकक परकं वाटत असेल तर सोनाराकडचा तोळा आठवा. जुना तोळा म्हणजे बरोबर १८० ग्रेन, ११.६६ ग्रॅम. म्हणजे १८० ग्रेनची गोळी एक तोळ्याची. कॉर्बेटच्या रायफलीचं मूळ काडतूस १७३ ग्रेनच्या गोळीचं, तोळ्याला थोडं कमी. .४७० नायट्रो एक्सप्रेसची गोळी ५०० ग्रेनची, पावणेतीन तोळ्यांहून जड.

गोळी जड केली की ती लांब होते, कारण जाडी तर नळीने ठरवलेली असते. लांब गोळी हवेत सरळ जायची असेल तर ती जास्त वेगाने फिरायला हवी. भोवरा आठवा. जोर कमी पडला की तो डुलायला लागतो. गोळीचंही तसंच. ती किती फिरणार हे नळीच्या पिळावर अवलंबून असतं, म्हणजे किती अंतरात खाचा एक पूर्ण फेरा घेतात त्यावर.

याचा ढोबळ हिशोब १८७९ मध्ये इंग्लंडच्या अल्फ्रेड ग्रीनहिल या गणितज्ञाने मांडला. गोळीच्या व्यासाचा वर्ग करा, १५० ने गुणा आणि गोळीच्या लांबीने भागा. येईल तेवढ्या अंतरात एक फेरा पुरतो. सात बाय सत्तावन्नची गोळी ७.२ मिलिमीटर जाड आणि ३० मिलिमीटर लांब धरली तर उत्तर साधारण २६० मिलिमीटर येतं. मूळ माउझर नळीत एक फेरा २२० मिलिमीटरमध्येच पूर्ण होतो. म्हणजे पीळ गरजेपेक्षा जास्त, काळजी नाही. लांब, बोथट गोळीसाठीच ती नळी घडवली होती.

सगळ्याच जुन्या रायफली इतक्या उदार नसतात. अमेरिकेत हरणाच्या शिकारीत पिढ्यानपिढ्या चाललेली विंचेस्टर १८९४ घ्या. तिच्या .३०-३० मापाच्या नळीत एक फेरा १२ इंचात, म्हणजे ३०५ मिलिमीटरमध्ये होतो. तिला आखूड गोळीच मानवते. हौसेने लांबलचक आधुनिक गोळी घातली तर ती हवेत डुलते आणि लक्ष्यावर गोल भोकाऐवजी आडवं भोक पडतं.

दोन नळ्यांच्या रायफलीत आणखी एक भानगड आहे. हत्ती, गवा, वाघ यांच्यासाठी इंग्लंडमध्ये बनलेल्या या महागड्या रायफलींच्या दोन्ही नळ्या शेजारी शेजारी असतात. दोन्हींची गोळी एकाच जागी लागावी म्हणून कारागीर प्रत्यक्ष गोळ्या झाडून, नळ्या किंचित हलवून, पुन्हा जोडून त्यांचा मेळ बसवायचे. हा मेळ एका ठरावीक वजनासाठी आणि वेगासाठी असतो. .४७० साठी ५०० ग्रेन आणि सेकंदाला सुमारे ६५५ मीटर. गोळी हलकी किंवा जास्त वेगाची केली की दोन नळ्या दोन दिशांना मारतात. अशा रायफलीचा मालक गोळी निवडत नाहीच म्हणा ना. कारागिराने शंभर वर्षांपूर्वी निवडलेली गोळी तो फक्त पुन्हा शोधतो. ऑस्ट्रेलियाची वुडली ही कंपनी जुन्या वजनाच्या आणि घाटाच्या गोळ्या बनवण्यासाठी त्यामुळेच ओळखली जाते.

चौथा प्रश्न: टोक कसं हवं?

विंचेस्टर १८९४ मध्ये काडतुसं नळीखालच्या दुसऱ्या एका नळीत एकामागोमाग एक, आगगाडीच्या डब्यांसारखी भरतात. म्हणजे मागच्या काडतुसाच्या गोळीचं टोक पुढच्या काडतुसाच्या प्रायमरला टेकतं. टोक अणकुचीदार असेल तर बार उडताना बसलेल्या धक्क्याने तेच टोक प्रायमरवर हातोडीसारखं आदळू शकतं आणि काडतूस आतच फुटू शकतं.

म्हणून या रायफलींना चपट्या टोकाची गोळी देतात. अलीकडे रबरासारख्या मऊ टोकाच्या गोळ्याही खास यांच्यासाठी निघाल्यात. टोकदार गोळी हवा चांगली कापते, लांब जाते, हे खरं. पण रायफलीची रचना आधी आणि गोळीची चाल नंतर.

काडतुसं उभ्या पेटीत भरणाऱ्या माउझरसारख्या रायफलींत हा धोका नसतो. तिथे दुसरी अडचण येते. बोथट गोळीसाठी घडवलेल्या जुन्या रायफलीत, काडतूस संपतं तिथून खाचा सुरू होईपर्यंत बरीच मोकळी जागा असते. आखूड गोळीला ती जागा ओलांडून खाचांत शिरावं लागतं. त्या प्रवासात ती किंचित तिरकी झाली की नेम बिघडतो.

पाचवा प्रश्न: लागल्यावर गोळी काय करते?

हा प्रश्न प्राण्याशी संबंधित आहे, आणि शिकारीच्या नैतिकतेची सगळी चर्चा इथेच येऊन थांबते. प्राणी लगेच मरणार की जखमी होऊन दोन दिवस जंगलात तडफडत राहणार, यात नेमाबरोबरच गोळीच्या घडणीचाही हात असतो.

ढोबळ दोन प्रकार. एक, पूर्ण कवच असलेली कडक गोळी. ती पसरत नाही, खोल जाते. स्कॉटिश शिकारी डब्ल्यू. डी. एम. बेल याने आयुष्यात हजाराहून अधिक हत्ती मारले, त्यातले बरेच .२७५ च्या १७३ ग्रेन कडक गोळीने. हत्तीच्या कवटीची रचना त्याने बारकाईने अभ्यासली होती. आज वाचताना अंगावर काटा येतो, आणि आफ्रिकेतल्या अनेक देशांत एवढ्या लहान मापाने मोठं जनावर मारायला कायद्यानेच मनाई आहे.

दोन, टोक उघडं असलेली मऊ गोळी. लागल्यावर ती छत्रीसारखी पसरते. हिचं एक नाव भारतातून जगभर गेलं. १८९० च्या दशकात कलकत्त्याजवळच्या दमदम शस्त्रागारात कॅप्टन नेव्हिल बर्टी-क्ले याच्या देखरेखीखाली .३०३ ची मऊ टोकाची गोळी तयार झाली, म्हणून ती 'दमदम गोळी'. माणसाच्या शरीरात होणारी तिची भयंकर जखम पाहून १८९९ च्या हेग परिषदेत युद्धात पसरणाऱ्या गोळ्यांवर बंदीचा जाहीरनामा झाला. शिकारीत मात्र नेमकं उलटं. प्राणी लवकर मरावा म्हणून हरणासारख्या जनावरांवर पसरणारीच गोळी वापरा, असा नियम अनेक देशांत आहे.

पसरण्याचं सगळं गणित वेगावर आहे. १९४६ मध्ये अमेरिकेच्या जॉन नोस्लरने कॅनडात ब्रिटिश कोलंबियात एका मूसवर गोळी झाडली. चिखलाने माखलेल्या त्या धिप्पाड जनावराच्या कातड्यावरच वेगवान गोळी फुटून गेली, आत गेलीच नाही. त्या अनुभवातून त्याने मधे पडदा असलेली गोळी बनवली. पुढचा भाग पसरतो, मागचा शाबूत राहून खोल जातो. ती आजही विकली जाते.

जुन्या रायफलीची अडचण याच्या उलट. आजच्या बऱ्याच गोळ्या अतिवेगवान काडतुसांसाठी कडक बनवलेल्या असतात. अनेकींना पसरायला लक्ष्यावर सेकंदाला ५५० मीटरच्या आसपास वेग लागतो. मूळ सात बाय सत्तावन्नची जड गोळी नळीतून निघतानाच सुमारे ७०० मीटरची, आणि अंतर वाढेल तसा वेग उतरतो. कडक गोळी मग न पसरता सुईसारखी आरपार जाते. हरिण पळून जातं आणि कुठेतरी झुडपात हळूहळू मरतं. म्हणून जुन्या, संथ रायफलीला साधी, मऊ, पातळ कवचाची, बऱ्याचदा स्वस्तातली गोळीच चांगली. महाग ते उत्तम, हा हिशोब इथे चालत नाही.

सहावा प्रश्न: शिसं की तांबं?

शंभर वर्षं गोळीचा गाभा शिशाचाच होता. जड, मऊ, स्वस्त. पण शिशाची गोळी प्राण्यात पसरताना तिचे बारीक कण उडतात. शिकारी आतडी जंगलात टाकून जातो आणि ती गिधाडं खातात. कॅलिफोर्नियातलं काँडोर हे अवाढव्य गिधाड असंच शिशाच्या विषबाधेने मरत होतं. १९८७ मध्ये जगात एकूण २७ काँडोर उरले होते, आणि रानात उरलेले सगळे पकडून पिंजऱ्यात वाढवावे लागले. पुढे ते पुन्हा सोडले, तरी शिसं होतंच. अखेर कॅलिफोर्नियाने १ जुलै २०१९ पासून वन्यप्राण्यांच्या शिकारीत शिशाच्या गोळ्या पूर्ण बंद केल्या. (आपल्याकडची गिधाडं संपत आली ती मुख्यतः गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक औषधामुळे. ती गोष्ट वेगळी.)

पर्याय म्हणजे अख्ख्या तांब्याची गोळी. पण तांबं शिशापेक्षा हलकं आहे. एका घन सेंटिमीटरला शिसं ११.३ ग्रॅम भरतं, तांबं जेमतेम ९ ग्रॅम. तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी म्हणून लांब होते, आणि लांब गोळीला जास्त पीळ लागतो हे आपण वर पाहिलं. जुन्या नळीत तेवढा पीळ नसेल तर? मग वजन कमी करायचं, म्हणजे लांबी आटोक्यात येते. शिवाय तांबं कडक असल्याने पसरायला वेग जास्त हवा, आणि नळीत घासतानाचा विरोधही वेगळा. शिशाच्या गोळीसाठी छापलेलं दारूचं प्रमाण त्याच वजनाच्या तांब्याच्या गोळीला तसंच लावलं तर दाब बदलतो.

पातळ नळ्यांच्या जुन्या दुनळी रायफलींत अख्ख्या धातूची कडक गोळी वापरायला बरेच कारागीर सरळ नकार देतात. तिथे गोळी दबत नाही, मग नळीलाच ताण बसतो. थोडक्यात, पक्षी वाचवायचे की पणजोबांची रायफल वाचवायची, असा पेच कॅलिफोर्नियातल्या काही शिकाऱ्यांपुढे खरोखर उभा राहिला. काहींनी हलकी तांब्याची गोळी जुळवून घेतली. ज्यांची नळी ते मानत नाही, त्यांना ती रायफल शिकारीला नेता येत नाही, एवढाच अर्थ उरतो.

मग ठरवतात कसं?

समजा अमेरिकेतल्या एखाद्याकडे सात बाय सत्तावन्नची, कॉर्बेटच्या काळातली रायफल आहे आणि त्याला हरणाची शिकार करायचीय. त्याचा क्रम साधारण असा असतो:

१. कारागिराकडून रायफल तपासून घेणं. नळीत गंज, तडा नाही ना, काडतुसाची खोबण मूळ मापाची आहे ना.

२. नळी मोजणं. .२८४ ची गोळी बसते याची खात्री.

३. मूळ काडतूस काय होतं ते शोधणं. इथे १७३ ग्रेन बोथट किंवा रिग्बीने नंतर आणलेली १४० ग्रेन टोकदार. कंपनीने रायफलीची दुर्बीण नव्हे, तर उघडी माशी कुठल्या गोळीसाठी लावलीय, यावरून उत्तर मिळतं. वजन बदललं की उंची चुकते.

४. त्या वजनाच्या आसपासची, कमी वेगाला पसरणारी गोळी निवडणं.

५. गोळी किंवा दारू बनवणाऱ्या कंपनीने नेमक्या त्याच गोळीसाठी छापलेली माहितीपुस्तिका वापरणं, आणि त्यातल्या सर्वात कमी प्रमाणापासून सुरुवात. ऐकीव प्रमाण, कुणीतरी कमेंटमध्ये टाकलेला आकडा, अंदाज, यातलं काहीही नाही.

६. जुन्या पोलादाला कमाल मर्यादेपर्यंत ताणायचंच नाही. वेग थोडा कमी पडला तर शिकाऱ्याने जवळ जायचं.

हा शेवटचा मुद्दा जुने शिकारी फार मानतात. रायफलीला जमत नाही ते अंतर पायांनी कापायचं.

भारतात हे चालतं का?

नाही. शस्त्र अधिनियम १९५९ प्रमाणे दारूगोळा बनवायला परवाना लागतो, आणि दारूगोळ्याचे सुटे भाग व ते बनवायची यंत्रंही त्या व्याख्येत येतात. म्हणजे व्हिडिओतला तो हातप्रेस घरी आणून पुंगळ्या भरणं हा गुन्हा ठरू शकतो. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ मुळे वन्यप्राण्यांची शिकार बंद आहे. वाड्यात भिंतीवर टांगलेली आजोबांची रायफलही परवान्याशिवाय ठेवता येत नाही. वारसाने आली असली तरी परवाना स्वतःच्या नावावर करून घ्यावा लागतो, नाहीतर ती पोलिसांकडे किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागते.

आणि अशा रायफलीसोबत ट्रंकेत जुनी काडतुसं सापडली तर ती रायफलीत घालून बघू नका, उघडू नका, भंगारातही देऊ नका. पोलीस ठाण्यात कळवा. आकडा जुळतोय म्हणून काडतूस त्याच रायफलीचं असेल, असं समजायचं कारण नाही. एवढं वाचल्यावर ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.